वरच्या मजल्यावरचा गोल

१३ ऑगस्ट, गुरुवार

वरच्या मजल्यावर जे कोणी राहायला आले आहेत, त्यांना रीतभात नावाची गोष्ट कुणी शिकवलेली दिसत नाही. सकाळी सहाच्या सुमाराला सभ्य माणसं किंचाळतात? आणि किंचाळावं तेही आमच्याआधी!

झालं असं. ह्यांच्या गोदीवाल्यांचा सामना, एक-एक अशी बरोबरी, शेवटची काही मिनिटं. आमच्या टीव्हीवर चेंडू अजून मैदानाच्या मधोमध, कुणीतरी लंगडतोय, रेफरी घड्याळ बघतोय, आणि वर एकदम "गोऽऽल!" एक बाई, एक पुरुष. खुर्ची सरकल्याचा आवाज, टाळ्या. आम्ही दोघं छताकडे बघत राहिलो. मग सावकाशीने इथेही गोल झाला. त्यात आता काय राम उरला?

गोदीवाले म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या एका बंदरातला क्लब. हे तरुणपणी जहाजावर रेडिओ ऑफिसर होते. जहाज दुरुस्तीला त्या बंदरात अडकलं, तिथल्या एका क्रेनवाल्याने ह्यांना सामन्याला नेलं, आणि हे परत आले ते क्लबचा विटकरी सदरा घालूनच. लग्न झालं तेव्हा वाटलं होतं, उतरेल खूळ. उतरलं नाहीच, उलट मलाही चढलं. त्या खंडातल्या सगळ्या क्लबांची दर वर्षी एक मोठी स्पर्धा होते. इकडे ती सकाळी दिसते. गोदीवाल्यांनी ती आजवर एकदाही जिंकलेली नाही. दर वर्षी माती खातात आणि आम्ही दर वर्षी त्यांच्यासाठी गजर लावून उठतो.

या वर्षी मात्र प्रकरण वेगळं आहे. ह्यांचं हृदय थकलंय. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "नवीन वर्षाचे बेत नका करू." मग आत येऊन त्यांनी ह्यांना विचारलं, काही शंका? हे म्हणाले, "फायनल नोव्हेंबरच्या अखेरीला आहे. जमेल?" डॉक्टर हसले. मला त्यांच्या कानाखाली द्यावीशी वाटली.

१४ ऑगस्ट, शुक्रवार

वॉचमनला खडसावलं. वर कोण आलंय म्हणून विचारलं तर म्हणतो, "मॅडम, वर कुणीच नाही. मालक परदेशात. कुलूप आहे."

"कुलूप ओरडतं का रे?"

"पाइपातून आवाज येत असेल, मॅडम."

पाइपातून! टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आयुष्य काढलंय मी, शेवटी सुपरवायझर होऊन निवृत्त झाले. तारेतून आलेला आवाज, भिंतीतून आलेला आवाज आणि तोंडातून आलेला आवाज, तिन्हीतला फरक मला झोपेत कळतो. एकदा ऐकलेला आवाज मी विसरत नाही. वरच्या त्या दोघांचे आवाज तोंडातून आलेले आहेत. बाईचा तर असा की पत्र्यावर खिळा ओढावा.

हे आपले शांत. म्हणाले, "अगं, सिग्नल वर उपग्रहापर्यंत जातो, खाली येतो, कुठेतरी रेंगाळतो. त्यांची जोडणी चांगली असेल, आपली मंद. त्यात भांडण्यासारखं काय?"

"मंद जोडणीचे पैसे मी पुरे भरते," मी म्हटलं आणि कंपनीला फोन लावला. तिथल्या मुलीने मला रांगेत उभं केलं आणि संगीत ऐकवलं. आमच्या वेळी कुणाला संगीत ऐकवायची छाती नव्हती.

२० ऑगस्ट, गुरुवार

आज परतीचा सामनाही जिंकलो. कंपनीचा माणूस काल येऊन नवी केबल टाकून गेला होता. फरक शून्य. उलट आज वरची मंडळी आणखी आधी ओरडली. मी चहा गाळून, आणून, ह्यांच्या हातात देईपर्यंत इथे गोल व्हायचा होता.

केबलवाल्याने जाता जाता सांगितलं होतं, "आजी, वर लाइनच नाही. तारा कापून टाकल्यात केव्हाच." पहिली गोष्ट, मी त्याची आजी नव्हे. दुसरी, मग ते बघतात कशावर?

१० सप्टेंबर, गुरुवार

उपांत्यपूर्व फेरी, घरचा सामना. दोन-शून्य जिंकलो. दोन्ही गोल वरून आधीच कळले.

मी वर झाडू आपटायला उठले, तर ह्यांनी माझा हात धरला. "राहू दे. डॉक्टर म्हणालेत ना, एकदम धक्का बसेल असं काही नको. हे बघ, हे वरचे मला आधी कल्पना देतात. मी तयार असतो. गोल कसा आला, अगदी पाहुण्यासारखा, घंटा वाजवून."

"म्हणजे मी आभार मानायचे?"

"मान की. तुझ्या जिभेला तेवढाच बदल."

हसताना ह्यांना धाप लागली. हल्ली नाकाला ऑक्सिजनची नळी असते. खुर्चीशेजारी ते यंत्र, दिवसभर घरघर. मी पाठ चोळत बसले. वर तो पुरुषही खोकत होता. अगदी तसाच, कोरडा, तीन तीन वेळा. म्हातारा दिसतोय. म्हाताऱ्याला घेऊन ती बाई कुलूपबंद घरात चोरून राहते की काय? तसं असेल तर पोलिसांत जायला हवं.

१७ सप्टेंबर, गुरुवार

आजचा सामना डोंगरावरच्यांच्या गावी. ते मैदान इतक्या उंचीवर आहे की खालून आलेल्या संघांना श्वास पुरत नाही. चेंडूही तिथे वेड्यासारखा पळतो. अर्धा वेळ होईतो गोदीवाल्यांना दोन गोल बसले. कडेला बसलेल्या खेळाडूंना ऑक्सिजनचे मुखवटे लावलेले दाखवले, तसे हे खूश.

"बघ, बघ. त्यांनाही नळी, मलाही नळी. संघात घेतलं पाहिजे मला."

मी म्हटलं, "तुम्हाला कशाला? ते धावायला गेलेत."

मध्यंतर चालू होतं, जाहिराती चालू होत्या, आणि वर नुसता जल्लोष. बाई तर रडत होती आनंदाने. मी ह्यांच्याकडे बघितलं, ह्यांनी माझ्याकडे. मग उरलेला सामना आम्ही टोस्ट खात पाहिला. दोन्ही सामने मिळून दोन-दोन झाले, पेनल्ट्या झाल्या, गोदीवाल्यांनी त्या मारल्या. शेवटची पेनल्टी जाळ्यात गेली तेव्हा आम्हीही ओरडलो. मला जरा रडू आलं. ते धुराने. टोस्ट करपला होता.

१८ सप्टेंबर, शुक्रवार

आज सोक्षमोक्ष लावला. वॉचमनकडे वरची किल्ली असते हे मला माहीत होतं. त्याला पुढे घातलं आणि वर गेले.

काही नाही. आमच्यासारखंच घर, तीच खोली, तीच खिडकी, पण रिकामी. खुर्ची नाही, खाट नाही. जमिनीवर धूळ, सगळीकडे सारखी. त्यात पावलं उठली ती आमच्या दोघांचीच. मी भिंतीवर टकटक करून पाहिलं, नळ फिरवून पाहिले. कोरडे.

निघणार इतक्यात खालून आवाज आला. आमच्या घरातून. टीव्ही चालू, गर्दीचा गलका, आणि तीच ती बाई, पत्र्यावरचा खिळा. कुणाला तरी बजावत होती, "पाय खाली सोडू नका, सूज चढेल."

वॉचमन म्हणाला, "तुमच्याकडे पाहुणे आलेत का, मॅडम?"

मी जिना कसा उतरले ते माझं मला माहीत. दार उघडलं. टीव्ही बंद. हे खुर्चीत वर्तमानपत्र घेऊन. घरात दुसरं कुणी नव्हतं. हे पाय खाली सोडून बसले होते. घोटे हे एवढे सुजलेले.

"पाय खाली सोडू नका, सूज चढेल," मी म्हटलं आणि स्टूल ओढलं.

मग आतल्या खोलीत जाऊन बराच वेळ कपाट आवरलं. ते आवरलेलंच होतं.

२१ ऑक्टोबर, बुधवार

बरेच दिवस लिहिलं नाही. ह्यांना दोनदा दवाखान्यात ठेवावं लागलं. उपांत्य फेरीचा पहिला सामना तिथल्या नर्सच्या मोबाइलवर पाहिला, एक-एक. परतीचा उद्या. हे आता घरी आहेत.

आज खालच्या मजल्यावरचे वकील दारात हजर. निवृत्त आहेत, पण उलटतपासणी सुटली नाही.

"वहिनी, सामन्याच्या दिवशी मी काही बोलत नाही. पण काल सामना नव्हता. काल सकाळी सहाला तुम्ही जे काही ओरडलात, त्याने माझी बायको पलंगावरून उठून बसली."

"काल मी ओरडले? काल सहाला मी ह्यांना स्पंज करत होते."

"म्हणजे दुसरं कुणी होतं?"

"वरून आवाज येतो. मीही ऐकला."

"वहिनी," वकील सभ्यपणे म्हणाले, "तो आवाज तुमचाच होता. या इमारतीत तसा दुसरा आवाज नाही."

मी दार लावून घेतलं. आमच्या कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर म्हणायच्या, अपमानाला उत्तर म्हणजे ताठ पाठ. मी पाठ ताठ ठेवली. दार मात्र जरा जोरात लागलं.

आतून हे हसत होते. "आठवतं तुला? एक्स्चेंजच्या घोषणेसाठी तुझा आवाज घेतला होता. 'कृपया थोडा वेळ थांबा.' तू ऐकलास आणि साहेबांकडे तक्रार घेऊन गेलीस, भलत्याच बाईचा आवाज लावलाय म्हणून."

"भलत्याच बाईचा होता तो. मी तशी बोलत नाही."

"नाही, नाही. तू तशी मुळीच बोलत नाहीस."

२२ ऑक्टोबर, गुरुवार

शेवटच्या मिनिटाला हेडरने गोल. गोदीवाले फायनलमध्ये! मी इतकी ओरडले की घसा बसला. वर आज कुणी नाही. गल्लत करतात हल्ली, सामन्याच्या दोन दिवस आधीच उरकून घेतात.

९ नोव्हेंबर, सोमवार

डॉक्टर घरी येऊन गेले. म्हणाले, दवाखान्यात ठेवलं तर थोडे दिवस वाढतील. हे म्हणाले, "तिथे टीव्हीवर आवाज नसतो." दवाखान्यात आवाज बंद ठेवायचा नियम आहे, हे खरं आहे.

रात्रपाळीहून परतलेल्या लेकीचा फोन. ती समुद्रापलीकडे राहते, डिसेंबरात येणार आहे.

"आई, बाबांना दवाखान्यात ने. तिथे देखरेख असते."

"आणि इथे मी काय माश्या मारते?"

"तू त्यांचे हट्ट पुरवतेस. फुटबॉल आहे गं तो. फक्त फुटबॉल."

मला पुष्कळ बोलता आलं असतं. माझं जन्माचं काम बोलणं जोडण्याचं, पण ऐन वेळी माझीच लाइन जाते. एवढंच म्हटलं, "तुझ्या बाबांनी आजवर काही मागितलंय का माझ्याकडे?"

घरीच ठेवायचं ठरलं. चुकलं असेल तर माझं चुकलं. फायनल २९ तारखेला, रविवारी.

२५ नोव्हेंबर, बुधवार

आज सकाळी फायनल झाली. वर.

सहाला सुरुवात. मी पडून होते, हे जागेच होते. दोघं वर कान लावून. आधी दोघांचेही आवाज येत होते. तो काहीतरी हळू बोलायचा, ती हसायची, रेफरीला शिव्या द्यायची. मग शांतता, मध्यंतर असावं. त्यानंतर त्या पुरुषाचा आवाज आलाच नाही. बाईच बोलत राहिली. आता कोण आत आला, कोण पडला, कॉर्नर कुणाला. सगळं कुणाला तरी सांगत होती. मग ती ओरडली, "गोऽऽल!" एकटीच. आणि मध्येच थांबली. दुसरा आवाज साथीला येईल म्हणून वाट पाहत असल्यासारखी. मग म्हणाली, "अहो, झोपलात की काय?" तेवढंच मला स्पष्ट ऐकू आलं. पुढे ती फार वेळ बारीक आवाजात बोलत होती. कुणी उत्तर देत नव्हतं.

मी उठून खिडकी उघडली.

हे म्हणाले, "जिंकले ना?"

"जिंकलेच असणार. शेवटी ओरडली ना ती. तुम्ही नाही ऐकलंत?"

"ऐकलं." थोडा वेळ श्वास घेतला. "सुपरवायझर, एकदा ऐकलेला आवाज तू विसरत नाहीस ना?"

"नाही."

"मग हा नाही ओळखलास?"

"ती बाई काय माझ्या ओळखीची आहे?"

ह्यांनी माझा हात हातात घेतला आणि अंगठ्याने नुसता चोळत राहिले. म्हणाले, "नाही. राहू दे. चांगली बाई आहे. बडबडी आहे, पण चांगली आहे."

दुपारी ह्यांनी आपण होऊन लेकीला फोन केला. म्हणाले, "डिसेंबर नको. रविवारीच निघ." ती घाबरली. "बाबा, काय झालं?" "काही नाही गं. मोठा सामना आहे. तुझ्या आईला नंतर कुणीतरी बोलायला लागेल." नंतर बोलायला मी आहे आणि हे आहेत. तिकीट काढून यायची काय गरज होती?

मग माझ्याकडून दाढी करून घेतली. कितीतरी दिवसांनी तोंडावर तजेला दिसला. सुधारताहेत.

२८ नोव्हेंबर, शनिवार

उद्या टीव्ही लावायचा नाही असं मी ठरवलं.

कारण साधं आहे. फायनलचा ताण ह्यांच्या हृदयाला झेपणार नाही. दुसरं काही कारण नाही. असल्या तसल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. तो असता तर सिस्टरांनी माझी बोटं पट्टीने फोडली असती. मी केबल काढली, गुंडाळली आणि पिठाच्या डब्यात ठेवली. ह्यांना सांगितलं, कंपनीत बिघाड आहे.

हे माझ्याकडे बघत राहिले. रेडिओ ऑफिसरला बिघाडाची थाप मारायची म्हणजे सोनाराला पितळ विकणं.

"केबल कुठे आहे?"

मी ह्यांची शाल नीट केली.

"अगं, टीव्ही लावला नाही म्हणून सामना व्हायचा राहतो का? तो तिथे होणारच. आपण बघितला नाही, एवढंच होईल." बोलायला वेळ लागत होता, मी मध्ये बोलले नाही. "मला तो तुझ्याबरोबर बघायचाय. तू रेफरीला शिव्या देताना. दुसरं काही नको मला."

"आणि तुम्हाला काही झालं तर?"

"तर तू शेजारी असशील ना. बाकीच्यांना कुठे एवढं मिळतं?"

मी खूप भांडले. एक्स्चेंजमधल्या पस्तीस जणींना एका वेळी गप्प करणारी मी, पण एका धाप लागलेल्या माणसापुढे हरले. केबल काढून पुसली, जोडली. पीठ अजून आत आहे बहुतेक, चित्र जरा खरखरतंय.

२९ नोव्हेंबर, रविवार

वर आज चिडीचूप. मी मुद्दाम मध्येच आवाज बंद करून कानोसा घेतला. काही नाही. बरं झालं, एकदा तरी आमचा सामना आम्हाला आधी बघायला मिळाला.

ह्यांना विटकरी सदरा घातला. खांद्यावरून ओघळतो आता. पाय स्टुलावर, अंगावर शाल, खुर्ची माझ्या खुर्चीला चिकटून. पहिल्या अर्ध्यात दोन्हीकडे शून्य. रेफरी आंधळा होता, तसं मी त्याला कळवलं. हे हसले. म्हणाले, "तो क्रेनवाला असता तर याला उचलून समुद्रात टाकला असता." मध्यंतराला दोन चमचे चहा घेतला. "छान आहे," म्हणाले. साखर घालायची विसरले होते मी.

दुसऱ्या अर्ध्यात बोलले नाहीत. डोळे मिटून ऐकत होते. मी सांगत होते, आता कोण आत आला, कोण पडला, कॉर्नर कुणाला. माझा हात हातात होता. ऐंशीच्या पुढे तो बुटका विंगर डावीकडून आत घुसला आणि त्याने लांबूनच मारला. खांबाला लागून आत! मी ओरडले. इतकी ओरडले, आणि मग थांबले, कारण हेही ओरडतील असं वाटलं होतं.

झोप लागलेली. हद्द झाली! आयुष्यभर ज्या गोलाची वाट पाहिली तो झाला आणि हा माणूस झोपलाय. मी म्हटलंही तसं. पण चेहरा इतका निवांत होता की जास्त रागावले नाही. कितीतरी आठवड्यांत अशी गाढ झोप लागली नव्हती ह्यांना. धाप नाही, खोकला नाही.

गोदीवाले जिंकले. एक-शून्य.

ह्यांचा हात गार लागला, म्हणून शाल वर ओढून खिडकी लावली. खालून वकिलांची बायको येऊन गेली, अभिनंदन म्हणाली, मग आत डोकावली आणि तिचा चेहरा विचित्र झाला. "वहिनी, मी आमच्या ह्यांना बोलावते हं, तुम्ही बसा," म्हणाली. कशाला बोलावते? मी तिला हळू बोल म्हटलं, झोपमोड होईल.

त्या वरच्या बाईचं मला आज वाईट वाटलं. तिचा माणूस कुठे गेला कोण जाणे, रिकाम्या घरात एकटीच ओरडत होती. माझं तसं नाही. माझा माणूस माझ्या शेजारी आहे.

आता चषक देताहेत. कप्तान रडतोय. बंदरातल्या क्रेनवर माणसं चढलेली दाखवताहेत, क्रेनलाही विटकरी कापड गुंडाळलंय. मी हे सगळं ह्यांना सांगते आहे, झोपेत कानावर पडलं तरी पुरे. जिन्यात पावलं वाजताहेत. लिहिणं थांबवते. लिहायला घेतलं की बोलणं थांबतं, आणि बोलणं थांबलं की खोलीत नुसती यंत्राची घरघर ऐकू येते.